पाळणाघराच्या परवान्याला किती महत्त्व द्यावे? कोल्हापुरातील राजारामपुरी-शाहूपुरीसाठी सल्ला हवा

सायली_राजारामपुरी
माझी बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपत आली असून मला शिरोली एमआयडीसीतील नोकरीवर रुजू व्हायचे आहे. मुलगी सहा महिन्यांची आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे दिवसभराची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही. महिना ४,००० रुपयांपर्यंतचे पाळणाघर सुचवावे. पाहिलेल्या जागांमध्ये भिंतीवर दाखले लावलेले होते. त्यांचा अर्थ काय, हेही कृपया सांगावे.

ताराबाईपार्ककर
आमचा नातू जातो तिथे महिना ९,००० रुपये घेतात, परंतु प्रत्येक खोलीतील कॅमेरा मोबाइलवर दिसतो. मुलांच्या बाबतीत पैशांकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंगळवार_पेठ
ताईंनी रक्कम स्पष्ट लिहिली आहे. शिवाय २०१६ साली खारघरच्या पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, पण ती थांबली नाही. किती मुलांमागे किती बायका आहेत, हे आधी विचारावे.

कामगार_सल्लागार
भिंतीवरचा दाखला बहुधा शॉप ॲक्टचा, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याचा असतो. २०१७ च्या या राज्य कायद्यानुसार कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनेने केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते, त्यामुळे बाळांना झोपवण्याची खोली कोणी पाहिली आहे, असा त्यातून अर्थ काढू नये. तो दुकानालाही मिळतो. आपल्या कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघराची सोय करणे मालकाचे कर्तव्य आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा आहे. हे आधी एचआरला लेखी विचारावे.

नागाळा_पार्क_रहिवासी
कॅमेरा असलेलेच पाळणाघर घ्यावे. आणि तळमजला टाळावा! २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या भागात काय झाले, हे साऱ्या कोल्हापूरने पाहिले, तरीही पूररेषेतील तळघरवजा खोल्यांमध्ये लहान मुले ठेवली जातात आणि कोणी हटकत नाही, याचा मला संताप येतो.

प्लेग्रुपवाली_आई
आमच्या प्लेग्रुपमध्ये विचारा, बाई फार प्रेमळ आहेत.

कामगार_सल्लागार
राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खासगी प्लेस्कूलमध्ये तीन वर्षांखालील मूल घेऊ नये. तिथे २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस अपेक्षित आहे. सहा महिन्यांच्या बाळासाठी ती जागाच नव्हे.

बहीण_लंडनला
इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी मुले सांभाळणाऱ्या बाईलाही नोंदणी करावी लागते. १९४८ च्या कायद्याने हे काम स्थानिक प्रशासनाकडे दिले होते आणि २००१ पासून ते ऑफस्टेड ही तपासणी यंत्रणा पाहते. तिथल्या पाळणाघरात दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक व्यक्ती लागते. आपल्या महापालिकेने असे का करू नये?

ताराबाईपार्ककर
तिथले दर ऐकले, तर ९,००० स्वस्त वाटतील.

मंगळवार_पेठ
दर बाजूला ठेवा, तीनास एक हे प्रमाण धरून ठेवण्यासारखे आहे. ताई, दुपारी दोनच्या सुमारास न कळवता जाऊन या. त्या वेळी बाळे कुठे झोपवली आहेत आणि त्यांच्याजवळ कोण बसले आहे, ते दिसेल.

सायली_राजारामपुरी
सर्वांचे मनापासून आभार. आमच्या कंपनीत ३५ जणच आहेत, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. मंगळवार पेठेच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे दुपारी जाऊन पाहिले. दाखले लावलेल्या एका जागी नऊ बाळांना सांभाळायला एकच मुलगी होती. त्यामुळे मी आमच्याच गल्लीतील काकूंकडे मुलीला ठेवण्याचे ठरवले आहे. त्यांच्याकडे कॅमेरा नाही आणि दाखलाही नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना पटणार नाही. पण तिथे माझ्या मुलीसह दोनच मुले असतील आणि तिसऱ्यानंतर मूल घेणार नाही, असे त्यांनी लिहून दिले आहे. महिना ३,५०० रुपये ठरले असून सोमवारपासून पहिला आठवडा सासूबाई तिथे सोबत बसणार आहेत.