मदत हवी आहे: मोटरहोमची एक बॅटरी रात्रीत उतरते

नमस्कार मंडळी. जुनी मिनीबस घेऊन सोलापुरातच तिची मोटरहोम करून घेतली आहे. पंखे, दिवे आणि छोट्या फ्रिजसाठी १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या पॅरलल जोडल्यात, छतावर सोलर आहे.

संध्याकाळी सगळं फुल दिसतं, पण पहाटे फ्रिज बंद पडलेला असतो. टर्मिनल घासून, व्हॅसलीन लावून झालं. मग दोन्ही बॅटऱ्या सोडवून रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी एक १२.७ व्होल्टवर, दुसरी १२.२ वर. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायचं साधन) लावला तर दुसरीच्या पाच सेलमध्ये १.२३ च्या आसपास आणि कडेच्या एकाच सेलमध्ये १.१५. त्याच सेलचं पाणीही भराभर कमी होतं, प्लेटा उघड्या पडायच्या बेतात असतात. आपल्याकडचा एप्रिल-मे तर माहीतच आहे, त्यात बॅटऱ्या सीटखालच्या बंद खणात. डिस्टिल्ड वॉटर भरलंय.

आता इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल सारखे व्हावेत म्हणून मुद्दाम दिलेला जादा चार्ज) देऊन हा सेल सावरेल का? द्यायचा तर खराब बॅटरी एकटीलाच देऊ ना? दुकानदार म्हणतो, एकच बदला. मला ते पटत नाही, नवी बॅटरी जुनीच्या जोडीला लावली तर तीही लवकर जाईल असं वाटतं. शिवाय सोलरच्या चार्ज कंट्रोलरला (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं यंत्र) टेंपरेचर सेन्सर नाही, तो बसवून फरक पडेल का?

आषाढीला आईला पंढरपूरला न्यायचंय, तिची इन्सुलिन याच फ्रिजमध्ये असते. अनुभवी लोकांनी कृपया सांगा. सोलापुरात लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून तपासणी) नीट करून देणारं कोणी असेल तर तेही कळवा.