मदत हवी आहे : पहाटेच्या सामूहिक लेखनाचा अनुभव असणाऱ्यांसाठी
नमस्कार. मी दादरला राहते आणि कार्यालयाची लोकल गाठण्यापूर्वी, पहाटे साडेपाच ते साडेसहा या वेळेत कथालेखनाची सवय लावू इच्छिते. परंतु पाणी भरणे आणि डबा यांतच तो तास निसटतो, आणि एकटीने केलेला निश्चय मंगळवारपर्यंतही टिकत नाही. म्हणून तिघाचौघांनी व्हिडिओ कॉलवर आवाज बंद ठेवून, पंचवीस मिनिटे लेखन व पाच मिनिटे विश्रांती या पोमोडोरो पद्धतीने एकत्र लिहावे, असा विचार आहे. (शिवाजी पार्कचा कट्टाही सुचला होता, पण पावसाळ्यात ते अशक्यच.) असा गट कोणी चालवला आहे का? लिहिलेले लगेच वाचून दाखवणे मला घातक वाटते. आपले मत काय? वारंवार गैरहजर राहणाऱ्यांना न दुखावता कसे सांभाळावे, हेही कृपया कळवावे.