हागार, कानबाई आणि सोसण्याचे पुण्य

धुळ्याची नात:
माझी आजी बौद्ध आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर घरातले देव गेले. तरीही नागपंचमीनंतरच्या रविवारी ती शेजारी कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, जाते आणि रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, दळण दळू लागते. धर्मांतरावेळच्या बावीस प्रतिज्ञांत हे बसत नाही, असे वडील दरवर्षी सुनावतात. सध्या मी कृष्णवर्णीय स्त्रियांचे, म्हणजे वूमनिस्ट, धर्मचिंतन वाचते आहे. सोसण्यात तारण नाही, हा त्यातला विचार बुद्धाच्या दुःखविचाराशी जुळतो का? आणि दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्या आजीविषयी त्यातून काही हाती लागते का?

अमळनेरकर:
डेलोरस विल्यम्स या वूमनिस्ट विचारवंत बाईंनी १९९३ च्या ग्रंथात बायबलातल्या हागारेची कथा मध्यभागी आणली. ही साराची दासी. मालकिणीच्या सांगण्यावरून तिला अब्राहामाचे मूल व्हावे लागते, ती पळते तेव्हा देवदूत तिला परत पाठवतो आणि पुढे लेकरासह तिला हाकलून दिले जाते. देव येथे मुक्ती देत नाही, तगून राहण्यापुरते पाणी दाखवतो, हे विल्यम्स यांचे निरीक्षण कृष्णवर्णीयांचे मुक्तीचे धर्मचिंतन मांडणाऱ्या जेम्स कोन यांच्या मांडणीला छेद देणारे आहे. गुलामीत दुसऱ्यांची लेकरे पाजणाऱ्या स्त्रियांना, येशूही दुसऱ्यांच्या जागी मेला, असे सांगणे म्हणजे त्या राबण्याला पावित्र्य देणे होय. म्हणून विल्यम्स तारण येशूच्या मरणात नव्हे, तर जगण्यात पाहतात. बाबासाहेबांनीही १९५७ च्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दुःखाविषयीच्या चार आर्यसत्यांवर प्रश्न उपस्थित केला होता, कारण जन्मच दुःख ठरला तर माणसाला आशा उरत नाही.

नवापूरची ख्रिस्ती वाचक:
वधस्तंभाविषयी मला हे पूर्ण पटत नाही. जॅकलिन ग्रँट या दुसऱ्या वूमनिस्ट विचारवंत बाईंनी १९८९ साली मांडल्याप्रमाणे, कृष्णवर्णीय स्त्रियांना येशू आपल्याबरोबर सोसणारा सोबती वाटला, आणि ती सोबत खोटी म्हणता येत नाही. शिवाय हागार एकट्या बायबलची नाही. मुसलमानांची ती हाजरा. पाण्यासाठी झालेली तिची धावाधाव हजला गेलेला प्रत्येक जण सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात फेऱ्या घालून आठवतो. ताई, आजी कानबाईला का जातात, हे त्यांनाच विचारलेत का?

धुळ्याची नात:
विचारले. "मी देवीले नही, बायासले भेटाले जास," असे ती म्हणाली. तिच्या तरुणपणी त्याच घराच्या ओट्यावर तिला चढू देत नसत, आज ती आत जात्याशी बसते. हे वडिलांच्या हिशेबात कधी येत नाही. मात्र त्या घरी रोटांसाठी सव्वा सव्वा मूठ गहू घरातल्या पुरुषांच्याच नावाने मोजतात आणि दळतात बायका. हे सांगताना आजी हसत होती. त्या हसण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.