एप्रिलमधला तपकिरी रंग पुराचा नव्हे

खंभातच्या आखाताच्या एका एप्रिलमधल्या उपग्रहचित्राबद्दल कुणी म्हटलंय की त्यातला तपकिरी रंग म्हणजे नर्मदा-तापीचा ताजा गाळ. गाळ मुळात नद्यांनीच आणलेला, हे मान्य. पण चित्र एप्रिलचं आहे, तेव्हा नद्यांना पूर कुठला? तिथे उधाणाच्या भरतीला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि त्या ओढीने तळाचा जुना गाळ पुन्हा वर येतो. चित्र मोठं करून पाहा, रंगाचे पट्टे आखाताच्या लांबीला धरून गेलेत, नदीच्या मुखापासून पंख्यासारखे पसरलेले नाहीत. अशी चित्रं घेणारा सेंटिनेल-२ उपग्रह आपल्याकडून सकाळी अकराच्या सुमारास जातो. चित्राच्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवल्याशिवाय रंगावरून निष्कर्ष काढूच नये.

पुण्यातल्या मंडळींसाठी आणखी एक. आपल्या मुठेचं पाणी भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळतं, पण गाळ बराचसा वाटेतच अडतो. आधी खडकवासला, मग उजनी, पुढे श्रीशैलम या धरणांत. जून-जुलैत ढग जरा फाटले की उजनीचं चित्र जरूर उघडा. दौंडकडून येणारं गढूळ पाणी जलाशयात शिरताना दिसतं आणि धरणाच्या भिंतीकडे जाईपर्यंत निवळत जातं. म्हणूनच कृष्णेचा त्रिभुज प्रदेश पूर्वीच्या मानाने फार कमी गाळावर जगतोय आणि किनाऱ्याची धूप होतेय. समुद्रातला रंग मोजताना धरणांत अडकलेला गाळही हिशोबात धरायलाच हवा.