लीग अर्ध्यावर आली, संघ सातवा. कोच बदलावा का?

रावपुरा_७

बडोद्यातल्या एका फुटबॉल क्लबच्या कमिटीत हा विषय येत्या रविवारी मतदानाला येतोय. मत मांडण्याआधी खेळ कळणाऱ्यांचं ऐकायचं आहे. क्लबचं आणि कोचचं नाव लिहीत नाही, कृपया कोणी अंदाजही बांधू नका.

लीगमध्ये आठ संघ आहेत, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे १४ सामने. शेवटचे दोन खालच्या विभागात जातात. आमचे ८ सामने झाले: १ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव, गुण ७. सहाव्या संघाचे ९ आहेत. पहिल्या दोन सामन्यांत ४ गुण मिळाले, पुढच्या सहांत फक्त ३. केलेले गोल ८, खाल्लेले ११.

कोच गोव्याचे, एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) बी लायसन्स, करार मार्चअखेरपर्यंत, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. सहायक कोच इथलाच, सी लायसन्सवाला, म्हणजे बीच्या खालची पायरी. पुढचा सामना १८ दिवसांनी, मध्ये दिवाळी. कमिटीतले निम्मे म्हणतात, "आत्ताच बदला, नंतर वेळ राहणार नाही." सगळ्या सामन्यांचा व्हिडिओ आहे, मोबाइलवर घेतलेला, पण पूर्ण मैदान दिसतं.

मांजलपूर_स्वीपर

गुण सोडा, आधी शॉट मोजा. आठ सामन्यांत गुणांवर नशिबाचा हात मोठा असतो, शॉटांवर त्या मानाने कमी. व्हिडिओ घेऊन बसा आणि दोन्ही संघांचा प्रत्येक शॉट लिहा: मिनिट, पेनल्टी क्षेत्राच्या आतून की बाहेरून, पायाने की डोक्याने, खेळ चालू असताना की कॉर्नर-फ्रीकिकवरून. एका सामन्याला दोन तास लागतात. चौघांनी दोन-दोन सामने वाटून घेतले तर एका रात्रीचं काम आहे, रविवारच्या आत होईल.

मोठ्या व्यावसायिक लीगांमध्ये ढोबळमानाने दहा शॉटांमागे एक गोल होतो. तुमचे शॉट प्रतिस्पर्ध्यांइतके किंवा जास्त असतील आणि तरी गोल कमी असतील, तर कोचने उभा केलेला खेळ ठीक आहे, फिनिशिंग किंवा गोलकीपिंग अडलंय. शॉटच निम्मे असतील तर मात्र कमिटीतल्या त्या निम्म्यांचं बरोबर आहे.

दुसरं म्हणजे हे सहा सामने कोणाशी झाले ते बघा. पहिल्या चारांतल्या संघांशी लागोपाठ खेळलेल्या संघाची घसरण कागदावर असते त्याहून वाईट दिसते.

आणि मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचं उदाहरण इथे कोणी देऊ नये, हात जोडून विनंती. नोव्हेंबर १९८६ मध्ये आले, पहिली ट्रॉफी १९९० च्या एफए कपची. तेवढा धीर धरणारं बोर्ड आणि तेवढा पैसा असलेला क्लब वेगळा. इथे सहा सामने उरलेत.

अकोटा_बॉक्सटूबॉक्स

स्वीपरशी अर्धा सहमत. नुसता निकाल बघून बदलू नये हे खरं, पण "बदलाने काहीच होत नाही" असंही नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टरने मे २०१६ मध्ये विजेतेपद घेतलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरींना काढलं, तेव्हा ते धोक्याच्या रेषेच्या जेमतेम एक गुण वर होते. सहायक असलेले शेक्सपियर आले, लीगचे सलग पाच सामने जिंकले, संघ बाराव्या स्थानावर राहिला. त्यांनी नवीन काही आणलं नाही. मागच्या वर्षीची मांडणी, खोल बचाव आणि पुढे पळणाऱ्या व्हार्डीसाठी लांब चेंडू, तीच परत लावली.

उलट उदाहरण साउदॅम्प्टनचं, २०२२-२३. नोव्हेंबरमध्ये हासेनह्यूटल गेले, फेब्रुवारीत नेथन जोन्स गेले, मग सेलेस. एका हंगामात तीन कोच आणि शेवटचं स्थान. त्याच वर्षी लीड्सचेही तीन कोच झाले. शेवटचे अलार्डाइस आले तेव्हा चार सामने उरले होते. तेही खाली गेले.

म्हणून विचारायचं ते एवढंच: येणारा माणूस याच खेळाडूंना आधी जमलेलं काही परत लावणार, की नवीन शिकवणार? नवीन शिकवायला हंगामाच्या मध्यावर सवड नसते. चार बचावपटूंच्या संघाला तीन सेंटरबॅकची (मधल्या बचावपटूंची) मांडणी द्यायची आणि क्लबकडे धड सेंटरबॅक दोनच, हा घोळ नवीन कोच हमखास घालतो.

रावपुरा_७

शॉट मोजले. आमचे ८८, त्यातले नेमावर ३१. समोरच्यांचे ७९, नेमावर २६. मागच्या सहापैकी चार सामने पहिल्या चार संघांशी होते. उरलेल्या सहांत तीन खालच्या अर्ध्यातल्यांशी आहेत.

पण मोजताना दुसरंच हाती आलं. खाल्लेल्या ११ पैकी ५ गोल कॉर्नरवरून. आणि ११ पैकी ७ गोल ६५व्या मिनिटानंतर. बरोबरीत सुटलेल्या दोन सामन्यांत ७५व्या मिनिटाला आम्ही पुढे होतो. कोचचा पहिला बदली खेळाडू सरासरी ७२व्या मिनिटाला उतरतो. यावर काय म्हणता?

सामा_पहाट

यातच सगळं आलं. ८८ शॉटांत ८ गोल, ७९ शॉटांत ११. संघ हरण्यासारखा खेळत नाही, शेवटच्या २५ मिनिटांत ढासळतो. त्या दोन बरोबऱ्या विजय ठरल्या असत्या तर गुण ११ असते आणि हा धागा निघालाच नसता. आता ढासळतो का, ते शोधा. कारणं तीन असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

पहिलं कारण सरावाची हजेरी. रजिस्टर काढा आणि नवरात्रीचे दिवस बघा. रात्री एक वाजेपर्यंत गरबा आणि सकाळी सहाला मैदान, हे बडोद्यात कोणत्याच कोचला जमलेलं नाही. बाहेरून आलेल्याला तर त्याचा अंदाजही नसतो. तो शिस्त म्हणून सहाच धरून बसतो. २२ च्या जागी दहा पोरं येतात आणि अकरा विरुद्ध अकरा एकदाही खेळता येत नाही. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शिफ्टला जाणारे किती, विद्यापीठात परीक्षा देणारे किती, तेही लिहा. त्या नऊ दिवसांत सराव संध्याकाळी साडेपाचला घ्यायचा असतो. हे कोचला सांगणं कमिटीचं काम होतं. सांगितलं होतं का?

दुसरं कारण ऊन. ऑक्टोबरमधे दुपारी साडेतीनचा सामना म्हणजे शेवटचा अर्धा तास पाय जड होणारच. नियमांत पाणी पिण्याची विश्रांती एक मिनिटापर्यंत आणि शरीर थंड करण्याची दीड ते तीन मिनिटांची आहे. स्पर्धेच्या नियमावलीत ती घेतली असेल तर सामन्याआधी रेफरीशी बोलून ठेवायचं.

तिसरं कारण बदल. हे मात्र शंभर टक्के कोचचं. फुटबॉलच्या नियमांत आता स्पर्धेला पाच बदली खेळाडू ठेवता येतात, तीन थांब्यांत, मध्यंतर त्यात मोजत नाहीत. तुमच्या लीगने पाच ठेवले असतील तर ७२व्या मिनिटापर्यंत वाट बघायचं कारण नाही. विंगर (कडेने खेळणारे) आणि बॉक्स-टू-बॉक्स मिडफिल्डर (दोन्ही पेनल्टी क्षेत्रांमध्ये ये-जा करणारे) सगळ्यात जास्त पळतात, त्यांतले दोघे ५८ ते ६२ च्या दरम्यान बदला. बाकावरच्यांवर कोचचा विश्वास नसेल तर तो का नाही, ते विचारा. बाकावरची मुलं सरावालाच येत नसतील तर तो चुकीचा नाही.

मांजलपूर_स्वीपर

कॉर्नरचं मी सांगतो. त्यासाठी माणूस बदलावा लागत नाही, दोन संध्याकाळी लागतात.

पाचही गोलांत चेंडू पहिल्यांदा कुठे पडला ते बघा. या पातळीवर बहुतेक वेळा नियर पोस्टसमोर (कॉर्नरच्या बाजूच्या गोलखांबासमोर) एक जण डोकं लावून चेंडू मागे सरकवतो आणि मागचा मोकळा असतो. निव्वळ माणसाला माणूस लावला की हेच होतं, कारण धावत येणारा नेहमी अर्धं पाऊल पुढे असतो. मिश्र पद्धत लावा. चार जण जागेवर: एक नियर पोस्टच्या थोडा पुढे, तीन जण साडेपाच मीटरच्या रेषेवर गोलाच्या रुंदीत. चार जण त्यांच्या सगळ्यात उंच चौघांच्या अंगावर, अडवण्यापुरते. चेंडू जिंकायचं काम जागेवरच्यांचं. एक जण पेनल्टी क्षेत्राच्या कडेला दुसऱ्या चेंडूसाठी (पहिल्या हेडरनंतर सुटून येणाऱ्या), एक जण मधल्या रेषेजवळ. गोलकीपर रेषेवर चिकटलेला नको. एक-दीड पाऊल पुढे, छाती अर्धी मैदानाकडे.

सरावात १५ मिनिटं, १२ ते १५ कॉर्नर, समोर खरे विरोधक घेऊन आणि दोन्ही बाजूंनी. नुसतं उभं करून दाखवलं तर सामन्यात विसरतात. चेंडू बाहेर गेला की अख्खी रेषा पळत १८ यार्डांपर्यंत यायची, हेही त्यातच. आपल्याकडे गोल बहुतेक या दुसऱ्या टप्प्यावर बसतो. पहिला हेडर झाला की सगळे टाळी देतात आणि उभे राहतात.

आता कोचची परीक्षा. हा आकडा त्यांच्यासमोर ठेवा, ११ पैकी ५. ते लगेच व्हिडिओ मागत असतील तर त्यांना ठेवा. "पोरं ऐकत नाहीत" एवढंच म्हणत असतील तर मग माझंही मत बदलेल.

अकोटा_बॉक्सटूबॉक्स

आकडे बघून मी आता न बदलण्याच्या बाजूला. एक गोष्ट कमिटीला सांगा. डच पहिल्या विभागाच्या १९८६ ते २००४ च्या हंगामांचा अभ्यास झालेला आहे. कोच बदलल्यावर निकाल सुधारतात हे खरं. पण तशीच घसरण झालेल्या आणि कोच न बदललेल्या क्लबांचे निकालही तसेच सुधारले. वाईट काळाच्या तळाला जे काही कराल त्याला श्रेय मिळतं.

१८ दिवसांचा हिशोबही मांडा. आपल्याकडे लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत) अर्धा संघ गावाला. धनतेरसच्या आधीचे आणि लाभपाचमनंतरचे मिळून जेमतेम नऊ-दहा सराव हातात येतात. नवीन माणसाला त्यातले चार नुसते नावं आणि पाय ओळखण्यात जातील.

कोठी_लेफ्टबॅक

मी विरुद्ध मत देतो, कारण सगळे एकाच बाजूला झुकलेत. शॉट बरोबरीचे असले तरी ड्रेसिंग रूम फुटली असेल, म्हणजे खेळाडूंचा कोचवरचा विश्वास उडाला असेल, तर ते आकडे पुढच्या सहा सामन्यांत टिकत नाहीत. ते असं तपासा. कमिटीतल्या एकाच माणसाने कर्णधार, गोलकीपर, सगळ्यात जास्त बाकावर बसलेला एक आणि सगळ्यात तरुण एक अशा चौघांशी वेगवेगळं बोलायचं. ग्रुपवर विचारायचं नाही, हात वर करायला तर अजिबात लावायचं नाही. "कोच हवेत का" हा प्रश्नच नको. विचारा: सामन्याआधी तुझं काम तुला नेमकं सांगितलं जातं का? संघातून काढलं तेव्हा कारण सांगितलं का? मागच्या आठवड्यात सरावात काय केलं? शेवटच्या प्रश्नाला चौघांची चार उत्तरं आली, तर सरावाचा आराखडाच नाही असं समजा. अशा वेळी शॉटांचे आकडे बाजूला ठेवून बदला.

आणि बदलणारच असाल तर क्रम पाळा. आधी लीगची नियमावली वाचा: डगआउटवर (मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर) मुख्य कोच म्हणून कोणतं लायसन्स लागतं, हंगामात नवीन नोंदणीची मुदत काय. बी लागत असेल तर तुमचा सी वाला सहायक हंगामी म्हणूनही बसू शकणार नाही, आणि बाहेरचा माणूस येईपर्यंत बाक रिकामा. मग नोटिशीच्या महिन्याचे पैसे बाजूला काढा. राष्ट्रीय संघाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय: कोच स्टिमाचांचा करार २०२६ पर्यंत वाढवला, जून २०२४ मध्ये काढलं, आणि भरपाईचा वाद उभा राहिला. रक्कम लहान असली तरी जात तीच. त्यानंतर कोचशी समोरासमोर बोला, त्याच दिवशी खेळाडूंना सांगा, आणि मगच बाकीच्यांना. व्हॉट्सअॅपवर आधी फुटलं तर पुढचा कोच कोणीही असो, त्याचं कोणी ऐकणार नाही.

रावपुरा_७

हजेरी काढली. नवरात्रीत सरासरी ११, एरवी १९. वेळ बदला असं कोचना कोणी सांगितलं नव्हतं. चौघांशी बोलायचं काम आमच्या खजिनदारांकडे दिलंय, ते कोणाच्या गटात नाहीत.

रविवारी ठराव असा मांडतोय: मतदान तीन सामने पुढे ढकलायचं. दिवाळीनंतर सराव संध्याकाळी, कॉर्नरला आठवड्यात दोनदा १५ मिनिटं, पहिला बदल ६२व्या मिनिटाच्या आत. तीन सामन्यांत कॉर्नरवरून एकापेक्षा जास्त गोल खाल्ला, किंवा शॉट समोरच्यांच्या निम्म्यावर आले, तर निकाल काहीही लागो, बदल. हे कोचना लेखी द्यावं का?

सामा_पहाट

लेखी द्या, पण बदलाचं मिनिट त्यातून काढा. ६० व्या मिनिटाला कोणाला बसवायचं हे कमिटी ठरवायला लागली तर उद्या अकरा जणही कमिटीच ठरवेल, आणि कोणताही बरा कोच त्याच दिवशी राजीनामा देईल. त्याऐवजी ६५ नंतर खाल्लेले गोल मोजू असं लिहा, कसे थांबवायचे ते त्यांच्यावर सोडा.

सुट्टीत घरी जाणाऱ्या पोरांना एक चिठ्ठी: एक दिवसाआड तीनदा पळणं. दहा मिनिटं सावकाश, मग चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं चालणं, असं चार वेळा. नाहीतर लाभपाचमनंतर पहिल्याच आठवड्यात दोन हॅमस्ट्रिंग जातील आणि त्याचाही दोष कोचवर येईल.

मांजलपूर_स्वीपर

तीन सामन्यांचे शॉट मोजणारा माणूस आत्ताच नेमा. आणि तो "आत्ताच बदला" म्हणणाऱ्या गटातलाच असू दे.