अनुभव धागा : पुण्याचे पदपथ, चौक आणि चालणारी माणसे

पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथही झाले. तरी रस्त्यातला कोणाचा वाटा किती, हा वाद प्रत्येक पेठेत आणि उपनगरात नव्याने पेटतो. आपल्या भागात हा वाद कसा झाला आणि त्यातून काय निघाले, हे सविस्तर लिहावे. गाडी चालवणाऱ्यांनी आणि दुकानदारांनीही अवश्य लिहावे.

निवृत्त शिक्षिका, कोथरूड
सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असे धरतात. म्हणजे 24 मीटर रुंदीच्या रस्त्याला 20 सेकंद. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला तेवढ्यात दुभाजकही गाठता येत नाही, आणि दुभाजकावर उभे राहायला जागा ठेवलेली नसते. आमच्या सोसायट्यांच्या बैठकीत वेळ वाढवण्याची मागणी मांडली, तेव्हा कोंडी वाढेल म्हणून तरुण मंडळींनी कडाडून विरोध केला. पुढच्या आठवड्यात त्यांच्यातलेच दोघे माझ्याबरोबर हात धरून रस्ता ओलांडायला आले, आणि अर्जावर पहिल्या सह्या त्यांच्याच झाल्या.

चाकाच्या खुर्चीवरील तरुणाची बहीण, सिंहगड रस्ता
आमच्याकडे पदपथाला उतार केला, ही आनंदाची गोष्ट होती. पुढे दुचाकी वर चढू लागल्या, म्हणून उताराच्या तोंडाशीच लोखंडी खांब रोवले गेले. दोन खांबांमधून दुचाकी तिरकी करून सहज जाते, भावाची खुर्ची मात्र अडते. खांब किती अंतरावर रोवायचे हे ठरवताना एक खुर्ची तिथे आणून पाहिली असती, तर हे टळले असते. आता तो वाहत्या रस्त्याच्या कडेनेच जातो आणि मी त्याच्या उजव्या बाजूने चालते.

कापड दुकानदार, लक्ष्मी रस्ता परिसर
11 डिसेंबर 2021 रोजी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग पादचारी दिनासाठी वाहनांना बंद ठेवला होता. मुले रस्त्याच्या मधोमध खेळत होती. ते दृश्य मला मनापासून आवडले. तरीही रुंद पदपथाला माझा विरोध कायम आहे, कारण मालाचे गठ्ठे उतरवायला टेम्पो कुठे लावायचा, याचे उत्तर कोणत्याही आराखड्यात मला दिसलेले नाही. सकाळी दहाच्या आत माल उतरवण्याची सोय पक्की करून द्या, मी विरोध मागे घेईन.

भाजीविक्रेत्या बाईंची मुलगी, हडपसर
पदपथ मोकळे करा म्हणताना सगळ्यांची बोटे आधी आमच्या हातगाडीकडे वळतात. पदपथावर लावलेल्या चारचाकीबद्दल मात्र तेवढ्या तावातावाने कोणी बोलत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत, आणि विक्रीच्या जागांबाबत या समितीचे म्हणणे विचारात घ्यायला हवे. चालायला वाट सुटलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण आमच्या वळणावरच्या हातगाड्या हलवल्यानंतर तिथे रात्री अंधार आणि शुकशुकाट असतो. शिकवणीहून परतणाऱ्या मुली आता लांबच्या रस्त्याने घरी जातात. सुरक्षिततेचा विचार करताना हेही धरावे.

नोकरदार, वारजे
वरच्या ताईंसाठी मुद्दाम लिहितो. नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकात स्थानिक कामे घेण्याची पद्धत पुण्यात 2006 पासून आहे. आमच्या बोळातील दिव्यासाठी मी आधी नुसतेच ‘अंधार आहे’ असे कळवले, त्यावर काही हालचाल झाली नाही. नंतर खांबाची नेमकी जागा, जवळची खूण आणि रात्रीचे छायाचित्र जोडले, तेव्हा काम मंजूर झाले. तुमच्या वळणासाठी अर्ज करणार असाल, तर त्या मुलींच्या पालकांच्या सह्याही घ्या. मसुदा लिहायला मी मदत करीन.