जुन्या वळणाचे, दोघांनी खेळायचे शूटर गेम : तुमचे अनुभव लिहा

मैत्रिणीबरोबर 'कपहेड' नुकताच संपवला, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. शंभर जणांना एका मैदानात उतरवणारे गेम इथे नकोत. छोट्या चमूंनी बनवलेले, जुन्या धाटणीचे, जोडीने खेळायचे शूटर हवेत. जोडीदारामुळे तुमचा खेळ कसा बदलला, ते लिहा.

सुरुवात मीच करते. कपहेड 2017चा. त्यात जोडीदार मेला की त्याचा आत्मा वर तरंगत जातो. तो पडद्याबाहेर निसटण्याआधी आपण उडी मारून, हवेतच पुन्हा बटण दाबून त्याला गाठलं, तर तो परत जिवंत होतो. मैत्रीण मेली की मी बॉसकडे, म्हणजे लढाईतल्या त्या मोठ्या शत्रूकडे, बघणंच सोडायचे आणि मग दोघी मरायचो. शेवटी तिनेच नियम केला : बॉसचा शेवटचा टप्पा असेल तर वाचवायला यायचं नाही. नियम पाळला तेव्हा जिंकलो. पण तिला वर जाताना बघून हात थरथरत होते.

*

काँट्रा छोट्या चमूचा नव्हे, कोनामी या मोठ्या कंपनीचा, 1987चा. तरी या सगळ्या गेमांचं मूळ तिथे आहे म्हणून लिहितो. कॅसेटवर मी आणि दादा खेळायचो. धबधब्याच्या लेव्हलमध्ये पडदा वर सरकतो. एकजण भराभर चढला की खाली राहिलेला मरतो. दादा चढायचा, मी मरायचो. माझे जीव संपले की बटण दाबून त्याच्यातला एक घेता यायचा, आणि मी न विचारता घ्यायचो. एकदा तो वरच्या कड्यावर थांबला. म्हणाला, "तू ये सावकाश, वरचे मी बघतो." त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा ती लेव्हल पार केली.

*

टॉवरफॉल! सुरुवातीला मोजके बाण, संपले की पडलेले वेचायचे. अचूक वेळी डॅश केला, म्हणजे झटकन झेप घेतली, तर समोरच्याचा बाण हवेत पकडता येतो. माझी रूममेट बाण सोडण्याआधी नेहमी एक छोटी उडी घेते, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तिला अजून सांगितलेलं नाही.

*

आम्ही दोघं मित्र स्वतःच असा गेम बनवतोय, रोज रात्री थोडा थोडा. एका पडद्यावर तो झकास चालायचा. इंटरनेटवरून खेळायला घेतला आणि सगळं बिघडलं. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे फ्रेम, येतात; एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. मित्राचं बटण माझ्यापर्यंत पोचायला 80 मिलिसेकंद लागले तर जवळजवळ पाच फ्रेम गेल्या. आधी आम्ही त्याच्या बटणाची वाट बघायचो. त्यामुळे बंदूक जड झाल्यासारखी वाटायची. मग रोलबॅक घातलं : समोरचा काय दाबेल याचा अंदाज धरून खेळ पुढे न्यायचा, अंदाज चुकला तर मागे जाऊन तेवढ्या फ्रेम पुन्हा तयार करायच्या. त्यासाठी दोन्ही मशीनवर तीच बटणं दाबल्यावर तोच निकाल यायला हवा. आमचा येत नव्हता. त्याच्या पडद्यावर मी मेलेला, माझ्या पडद्यावर जिवंत! तीन आठवडे शोधलं. शत्रू कुठून येणार हे ठरवणारा रँडम आकडा दोन्हीकडे वेगळा निघत होता, कारण मागे जाताना आम्ही त्याची स्थिती परत आणतच नव्हतो. एक ओळ घातली आणि फोनवर दोघंही ओरडलो.

*

मित्र लांब राहायला गेला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 2019पासून 'रिमोट प्ले टुगेदर' आहे, म्हणजे एका पडद्यावरचा गेम लांबच्या मित्राबरोबर इंटरनेटवरून खेळता येतो. गेम एकाकडे असला तरी पुरतो. आम्ही 'एंटर द गंजन' खेळतो. तो कायम कल्टिस्ट, कारण दुसऱ्या खेळाडूला तेच पात्र मिळतं. तो मेला की पेटीतून शस्त्राऐवजी तोच परत येतो. धागाकर्तीचा नियम आम्हाला पटत नाही. काल पुढे बॉस उभा होता, शस्त्राची फार गरज होती, तरी पेटी मी त्याच्यासाठीच उघडली.